टीव्हीवरची माणसं परत परत फुगतात? चित्राचा आकार एकदाच नीट लावण्यासाठी

"भाऊ, परवाच नीट करून गेलात ना? आज परत सगळे फुगले!"

इंदिरानगरमधल्या एका काकूंचा हा फोन महिन्याभरात तिसऱ्यांदा आला. घरात ४३ इंची नवा टीव्ही, त्याला केबलचा सेटटॉप बॉक्स, आणि मालिकेतल्या सगळ्यांचे चेहरे भाकरीसारखे रुंद. दोन्ही वेळा मी रिमोटचं एक बटण दाबून चित्र सरळ करून दिलं होतं आणि दोन्ही वेळा ते बिघडलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तासभर बसलो, बॉक्स आणि टीव्ही दोघांचे मेनू शेवटपर्यंत उघडले. त्यानंतर त्या घरून ह्या कारणासाठी फोन आलेला नाही. टीव्ही नीट करायला नाशिकभर फिरताना हीच तक्रार रोज कानावर येते म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

तक्रारी वेगवेगळ्या शब्दांत येतात. माणसं रुंद दिसतात, माणसं उंच नि सुकलेली दिसतात, डोकी कापली जातात, खालची बातम्यांची पट्टी अर्धीच दिसते, चारही बाजूंनी काळं दिसतं. मूळ एकच आहे. स्टुडिओतून निघालेलं चित्र तुमच्या काचेवर येईपर्यंत तीन ठिकाणी त्याचा आकार बदलू शकतो: वाहिनीकडे, बॉक्समध्ये आणि टीव्हीत. बिघाड एका ठिकाणी असतो आणि आपण हात घालतो दुसऱ्याच ठिकाणी. त्या वेळेपुरतं जमतं, पण वाहिनी बदलली किंवा लाइट गेली की मूळ बिघाड परत वर येतो.

आधी आकार समजून घ्या

जुन्या डबा टीव्हीचा पडदा ४:३, म्हणजे रुंदी ४ तर उंची ३. आजच्या सपाट टीव्हीचा १६:९. ४३ इंची टीव्हीची काच सुमारे ९५ सेंटीमीटर रुंद आणि साडेत्रेपन्न सेंटीमीटर उंच असते. तेवढ्या उंचीत ४:३ चित्र बसवलं तर त्याला रुंदी लागते फक्त ७१ सेंटीमीटर. उरलेले २४ सेंटीमीटर कुठे जाणार? दोन्ही कडांना बारा-बारा सेंटीमीटरच्या काळ्या पट्ट्या दिसणार.

ह्या पट्ट्या लोकांना सहन होत नाहीत. "पूर्ण टीव्हीचे पैसे दिलेत, मग चित्र अर्धवट का?" हे मी शेकडो वेळा ऐकलं असेल. पण पट्ट्या घालवायचे मुख्य मार्ग दोनच. चित्र आडवं ताणायचं, म्हणजे प्रत्येक माणूस एक तृतीयांशाने रुंद होतो. किंवा झूम करायचं, म्हणजे वरखाली मिळून पाव चित्र कापलं जातं, वरून डोकं जातं आणि खालून बातमीची पट्टी. काही टीव्हीत 'पॅनोरमा' किंवा तशा नावाचा तिसरा पर्याय असतो. तो मध्यभाग जवळपास सरळ ठेवतो आणि फक्त कडा ताणतो. क्रिकेटमध्ये कॅमेरा चेंडूमागे फिरला की कडेची माणसं आधी जाड नि मग बारीक होत सरकतात. मला तो अजिबात आवडत नाही, डोळ्याला त्रास होतो.

पट्ट्यांमुळे टीव्ही खराब होतो ही भीतीही काढून टाका. जुन्या प्लाझ्मा टीव्हीत रोज तासन् तास पट्ट्या राहिल्या तर काचेमागचा उजळणारा थर असमान झिजायचा हे खरं. ओएलईडीतही थोडी काळजी घ्यावी. आपल्याकडे बहुतेक घरांत आहे तो साधा एलईडी, आणि त्याला पट्ट्यांनी काही होत नाही.

४:३ हा आकार आला कुठून, हे आपल्या नाशिककरांना सांगायला मला विशेष आनंद होतो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी दादासाहेब फाळक्यांचं स्मारक आहे. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेले फाळके ज्या ३५ मिलिमीटर फिल्मवर मूकपट काढत, तिच्या चौकटीचं प्रमाण हेच, साधारण ४:३. पुढे टीव्हीने हा आकार सिनेमाकडून जसाच्या तसा उचलला. दूरदर्शनचं मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वेळी रंग आला, पण चौकट बदलली नाही. तिकडे सिनेमा मात्र १९५० नंतरच्या काळात रुंद होत गेला, कारण घरच्या टीव्हीवर मिळणार नाही असं काही थिएटरात दाखवायचं होतं. त्यातून २.३५:१ सारखे लांबट आकार आले. १९८० च्या दशकात केर्न्स पॉवर्स नावाच्या अमेरिकी इंजिनिअरने सगळ्या प्रचलित आकारांचे, सारख्याच क्षेत्रफळाचे आयत एकावर एक ठेवून पाहिले आणि त्या सगळ्यांना सामावणारा मधला आकार काढला, १६:९. तो तडजोडीचाच आहे. त्यामुळे जुना कार्यक्रम लावला की कडेला पट्ट्या येणार, लांबट सिनेमा लावला की वरखाली येणार. १०८० रेषांच्या टीव्हीवर २.३५ चा सिनेमा सुमारे ८२० रेषांतच मावतो. बाकी काळं राहणं बरोबरच आहे, तो दुरुस्त करायचा दोष नाही.

खरी गोम एसडी वाहिनीत

एचडी वाहिनी नेहमी १६:९ असते, तिथे गोंधळ कमी. एसडीचं, म्हणजे कमी ठिपक्यांच्या साध्या वाहिनीचं, तसं नाही. आपल्याकडे एसडीचं चित्र म्हणजे आडवे ७२० ठिपके आणि ५७६ ओळी. त्याच ७२० गुणिले ५७६ मध्ये ४:३ चित्रही पाठवतात आणि १६:९ चित्रही. १६:९ असेल तर ते आडवं दाबून भरतात आणि घरी पोचल्यावर परत पसरायचं असतं. ठिपके तेवढेच, त्यांची रुंदी फक्त बदलते. मग बॉक्सला कळतं कसं की हे पसरायचं की नाही? चित्रासोबत एक छोटी खूण येते. डिजिटल चित्र पाठवण्याच्या एमपेग-२ पद्धतीत ती चार बिटांची आहे: २ आला तर ४:३, ३ आला तर १६:९. मी ग्राहकांना सांगताना तिला चिठ्ठी म्हणतो. पार्सलवर बाहेरून चिकटवलेली चिठ्ठी.

चिठ्ठी बरोबर असेल, बॉक्सने ती नीट वाचली आणि टीव्हीने मध्ये लुडबुड केली नाही, तर चित्र आपोआप सरळ येतं. तिघांपैकी एकाने चूक केली की माणसं फुगतात किंवा सुकतात.

बिघाड कुठे आहे ते शोधण्याची माझी पद्धत

आधी एक गोल वस्तू शोधा. बातम्यांतलं घड्याळ, गाडीचं चाक, वाहिनीचं गोल बोधचिन्ह, तिरंग्यावरचं अशोकचक्र, काहीही चालेल, फक्त ते समोरून दिसायला हवं. शिवणकामाची टेप काचेवर हलकेच धरा आणि रुंदी व उंची मोजा. दोन्ही सारखी आली तर आकार बरोबर आहे. उंची ९ आणि रुंदी १२ आली तर चित्र ताणलंय. उंची १२ आणि रुंदी ९ आली तर दाबलंय. डोळ्यावर भरवसा ठेवू नका. महिनाभर ताणलेलं चित्र पाहिलं की डोळ्याला तेच सरळ वाटायला लागतं आणि खरं चित्र बारीक वाटतं. मी स्वतः अशा घरांत आकार बरोबर करून दिलाय आणि "आता सगळे आजारी दिसतात" असं ऐकलंय.

मग तीन गोष्टी क्रमाने पाहा.

बॉक्सच्या रिमोटवरून बॉक्सचा स्वतःचा मेनू उघडा. मेनूतली अक्षरं आणि चिन्हंही फुगलेली किंवा दाबलेली असतील तर गडबड टीव्हीत आहे, किंवा बॉक्स टीव्हीला चुकीच्या आकाराचा सिग्नल देतोय. वाहिनीचा त्यात संबंध नाही, कारण मेनू वाहिनीकडून येत नाही.

मेनू सरळ आहे, पण वाहिनीचं सगळंच, बोधचिन्हासकट, ताणलंय? मग काम बॉक्सचं आहे. किंवा वाहिनीने चिठ्ठीच चुकीची लावलीय. चार-पाच एसडी वाहिन्या फिरवून पाहा. सगळीकडे तसंच असेल तर बॉक्स, एकाच वाहिनीवर असेल तर चिठ्ठी.

मेनू सरळ, बोधचिन्ह गोल, खालची अक्षरंही नीट, फक्त आतला माणूस फुगलेला. हे स्टुडिओतच झालंय. जुनी ४:३ टेप रुंद चौकट भरायला ताणून लावलेली असते. जुन्या मुलाखती, जुने सामने ह्यांत असं खूप दिसतं. तुमच्या घरी त्यावर काही इलाज नाही, आणि इथे रिमोटशी झटापट केली तर बाकीच्या वाहिन्या बिघडतील. ह्या कार्यक्रमांचं मला फार वाईट वाटतं. एखाद्या गेलेल्या मोठ्या गायकाचा चेहरा पुढच्या पिढीने असा रुंद करून पाहावा, हे बरोबर नाही.

एक चित्र मात्र बघताक्षणी ओळखता येतं: वरखाली काळ्या पट्ट्या आहेत आणि तरीही माणसं रुंद आहेत. बॉक्सला वाटतंय की घरात जुना ४:३ टीव्ही आहे. तो रुंद चित्र वरखाली पट्ट्या लावून ४:३ चौकटीत बसवतो आणि तुमचा टीव्ही ती अख्खी चौकट पट्ट्यांसकट ताणतो. नाशिकमध्ये केबल २०१३ च्या सुमारास डिजिटल झाली तेव्हा घरोघर डबा टीव्हीच होते, बॉक्स त्यांच्यासाठीच लावले गेले. टीव्ही बदलला, पण बॉक्सला ते कुणी सांगितलंच नाही. इंदिरानगरच्या काकूंकडे पहिला दोष हाच होता.

नीट लावायचं कसं

सुरुवात केबलपासून करा. बॉक्स टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी जोडला असेल तर आधी ती बदलून एचडीएमआय लावा. पिवळ्या पिनेतून एसडीच जातं. एचडी वाहिनीचे पैसे भरले तरी ती ह्या वायरीतून ५७६ ओळींचीच होऊन येते, आणि आकाराची चिठ्ठी सहसा टीव्हीपर्यंत पोचतच नाही. एचडीएमआयमधून चित्र आणि आकाराची माहिती दोन्ही जातात. मध्यम दर्जाची साधी दीड मीटरची वायर पुरते, महागडी घेऊ नका.

नंतर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जा. 'टीव्ही टाइप' किंवा 'स्क्रीन साइज' असं काही असेल, तिथे १६:९ निवडा. दुसऱ्या ओळीत ४:३ चित्राचं काय करायचं ते विचारलेलं असतं: पिलरबॉक्स, लेटरबॉक्स, फुल, पॅन स्कॅन, सेंटर कट अशी नावं. कडेला पट्ट्या ठेवणारा पर्याय म्हणजे पिलरबॉक्स. काही बॉक्समध्ये त्यालाच 'नॉर्मल' किंवा 'ओरिजिनल' म्हणतात. 'फुल' किंवा 'स्ट्रेच' नको.

तिसरी ओळ रिझोल्यूशनची, म्हणजे टीव्हीला किती रेषांचं चित्र द्यायचं त्याची, आणि बिघाड परत परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण मला इथे सापडलंय. ती 'ऑटो' किंवा 'नेटिव्ह'वर असेल तर एचडी वाहिनी लावल्यावर बॉक्स १०८० चा सिग्नल देतो आणि एसडी लावल्यावर ५७६ चा. बऱ्याच टीव्ही चित्राचा आकार प्रत्येक सॉकेटसाठी वेगळा आणि प्रत्येक प्रकारच्या सिग्नलसाठीही वेगळा लक्षात ठेवतात. मी एचडी बातम्या लावून आकार नीट करून आलो, काकूंनी संध्याकाळी एसडी मालिका लावली, टीव्हीने एसडीसाठीची जुनी आठवण काढली आणि परत ताणलं. मी खोटं सांगितलं नव्हतं आणि काकूही खोटं सांगत नव्हत्या. रिझोल्यूशन कायम १०८०आय वर ठेवा. मग टीव्हीला सगळ्या वाहिन्यांसाठी एकच सिग्नल मिळतो, एकच आठवण लागते, आणि वाहिनी बदलताना पडदा दोन सेकंद काळा होतो तोही त्रास जातो. आपल्याकडच्या एचडी वाहिन्या प्रामुख्याने १०८०आय मध्येच येतात.

शेवटी टीव्ही. त्याला काहीच करू देऊ नका. पिक्चर साइज १६:९ ठेवा. 'ऑटो वाइड', 'ऑटो फॉरमॅट' अशा नावाचं काही चालू असेल तर बंद करा. ते कडेचा काळा भाग शोधून आपणहून झूम करतं. सिनेमात रात्रीचा प्रसंग आला की त्याला कडा काळ्या दिसतात आणि मध्येच चित्र उडी मारतं. सातपूरच्या एका घरी ह्याच कारणाने दुसरे कुणी दुरुस्तीवाले टीव्हीचा बोर्ड बदलायचा खर्च सांगून गेले होते. बोर्ड ठणठणीत होता.

'जस्ट स्कॅन', 'स्क्रीन फिट', 'फुल पिक्सेल', 'डॉट बाय डॉट' ह्यांपैकी जे नाव तुमच्या टीव्हीत असेल ते चालू करा. डबा टीव्हीच्या काळात काचेच्या कडेला चित्र वेडंवाकडं यायचं म्हणून चारही बाजूंचा थोडा भाग मुद्दाम लपवत. सपाट टीव्हीला त्याची गरज नाही, पण सवय राहिलीय. निफाडकडच्या एका शेतकरी दादांची तक्रार अशीच होती. लासलगावचा कांद्याचा भाव बातमीच्या पट्टीत येतो, पण आकड्यांचा खालचा अर्धा भाग दिसत नाही, कुठला आकडा आहे हे कळत नाही. हे एक सेटिंग बदललं आणि पट्टी पूर्ण आली.

एवढं करूनही परत बिघडलं तर

लाइट गेली की सेटिंग जातं? टीव्ही दुकानातल्या डेमो मोडवर राहिलाय का पाहा. त्याला 'स्टोअर' किंवा 'रिटेल मोड' म्हणतात. त्यात टीव्ही बंद-चालू झाला किंवा थोडा वेळ गेला की चित्राची सेटिंग मूळ पदावर जाते. रंगही भडक असतील तर हेच कारण समजा. 'होम मोड' निवडा, मग आकार पुन्हा लावा. बॉक्सची सेटिंग जात असेल तर मेनूतून बाहेर पडताना 'सेव्ह' विचारतो का ते बघा, आणि बॉक्सचा नवा अपडेट आल्यानंतर एकदा तपासा.

घरात लहान मूल असेल तर रिमोटवरचं आकार बदलणारं बटण कुठलं ते आजीला दाखवून ठेवा. पंचवटीतल्या एका आजींनी त्या बटणावर कुंकवाचा लाल ठिपका लावलाय. चित्र बिघडलं की त्या ते बटण '१६:९' अक्षरं येईपर्यंत दाबतात, आणि त्यांना आता कुणाची वाट बघावी लागत नाही.

एकच वाहिनी सुकलेली दिसते, कडेला पट्ट्या आहेत आणि माणसं उंच आहेत, तर तिची चिठ्ठी चुकलीय: आत १६:९ चित्र आणि वर ४:३ ची खूण. तेवढ्यापुरतं बॉक्सवर 'फुल' करा आणि नंतर परत आणा, किंवा त्या वाहिनीची एचडी आवृत्ती घ्या.

चारही बाजूंनी काळं दिसत असेल तर वाहिनीने रुंद सिनेमा वरखाली पट्ट्या लावून ४:३ मध्ये पाठवलाय आणि बॉक्सने त्याला कडेच्या पट्ट्या लावल्यात. झूम वापरायची योग्य जागा हीच. झूम केल्यावर फक्त काळं कापलं जातं, चित्र पूर्ण राहतं. थोडं अस्पष्ट दिसेल, कारण ५७६ पैकी ४३२ ओळींतच चित्र होतं.

अस्पष्टपणाचं म्हणाल तर तो आकाराचा दोष नाही. एसडीत एकूण ४,१४,७२० ठिपके. फुल एचडी टीव्हीत २०,७३,६००, म्हणजे बरोबर पाचपट. फोर-के टीव्हीत वीसपट. एका ठिपक्यातून वीस ठिपके टीव्हीला कल्पनेने भरावे लागतात. म्हणून मोठा टीव्ही घेतल्यावर जुनी वाहिनी आधीपेक्षा वाईट दिसते. टीव्हीत बिघाड नाही. शार्पनेस वाढवू नका, उलट कमी करा, चेहऱ्याभोवतीच्या पांढऱ्या रेघा जातील.

घरच्या जुन्या टेपा

२००३ च्या कुंभमेळ्यात रामकुंडावर काढलेल्या, लग्नामुंजीच्या व्हिडिओ कॅसेट पेनड्राइव्हवर करून घेतलेल्या बऱ्याच घरांत आहेत. त्या जवळपास सगळ्या ४:३. पेनड्राइव्हसाठी टीव्ही आकाराची वेगळी आठवण ठेवतो, म्हणून बॉक्सचं चित्र सरळ असलं तरी इथे माणसं फुगू शकतात. फाइल चालू असतानाच पिक्चर साइज 'ओरिजिनल' किंवा ४:३ करा. तरीही ताणलेलीच दिसली तर कॅसेटवरून उतरवतानाच ताणलंय. मूळ कॅसेट फेकली नसेल तर परत उतरवून घ्या आणि काम देतानाच सांगा: चौकट ४:३ ठेवा, कडेच्या पट्ट्या चालतील. एक बारीक चूक अशीही होते की संगणक ७२० गुणिले ५७६ चे ठिपके चौरस धरतो आणि चित्र किंचित, साधारण सहा टक्के, बारीक येतं. परक्या माणसात ते कळत नाही, आपल्या माणसात लगेच कळतं.

देवळालीच्या एका ताईंकडे असंच झालं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांचा हलता-बोलता चेहरा फक्त त्या एका कॅसेटमध्ये होता, फाइलमध्ये ताणून उतरलेला. कॅसेट जपून ठेवलेली होती. परत उतरवून आणली, टीव्हीला लावली, शिवणकामाच्या टेपने वडिलांच्या गळ्यातल्या ढोलकीचं गोल तोंड मोजलं. रुंदी आणि उंची सारखी आली. ताई म्हणाल्या, "हो, असेच होते बाबा."